चंदेरी कोण विणते?

मार्गशीर्षाची थंडी अंगास झोंबू लागली, की ग्वाल्हेरकरांना मेळ्याचे वेध लागतात. १९०५ साली माधवराव महाराज शिंदे यांच्या कारकीर्दीत गुराढोरांचा बाजार म्हणून सुरू झालेल्या या मेळ्यात आज मोटारींपासून मुरंब्यापर्यंत सर्व काही मिळते. पुरुषमंडळी मोटारींच्या रांगेत रेंगाळतात, मुले पाळण्यांकडे धावतात, आणि लष्करातील आमच्या मराठी घरांमधील स्त्रिया, कोणास वाट न विचारता, हातमागाच्या दुकानांपाशी जाऊन पोहोचतात. तेथे चालणारा संवाद आम्ही पुष्कळ वर्षे कान देऊन ऐकत आलो आहोत. रंग जाणार नाही ना? जर खरी आहे का? शेवटचा भाव सांगा. हे तीन प्रश्न ठरलेले. ‘हे विणले कोणी?’ हा चौथा प्रश्न मात्र आम्ही अद्याप कोणाच्या मुखातून ऐकलेला नाही. दुकानदारासही तो कोणी विचारील अशी अपेक्षा नसावी. या महिन्यात वाचकांपुढे मांडावयाचा विषय तोच आहे.

चंदेरी हे गाव आम्हां ग्वाल्हेरकरांना परके नाही. बेतवेच्या खोऱ्यात, माळवा आणि बुंदेलखंड यांच्या सीमेवर वसलेले हे गाव १९ व्या शतकाच्या आरंभी शिंद्यांच्या ताब्यात आले. मध्यंतरी काही वर्षे इंग्रजांकडे जाऊन पुनः ग्वाल्हेर संस्थानात आले. आणि आज ते मध्य प्रदेशाच्या अशोकनगर जिल्ह्यात मोडते. तेथील तलम मलमलीची ख्याती जुनी. परंतु पुढील काळात या कापडास जे मोठे गिऱ्हाईक लाभले ते मराठी राजवाड्यांचे. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे, नागपूर या ठिकाणच्या राजस्त्रियांनी चंदेरीस अंगावर मानाचे स्थान दिले. राजवाड्यामागोमाग सरदार, सरदारांमागोमाग कारकून, कारकुनांमागोमाग मास्तर अशी ही आवड पायरी पायरीने उतरत आमच्यापर्यंत आली. आमच्या मातोश्रींच्या पिढीत लग्नाच्या यादीत एका चंदेरी पातळाची नोंद नसेल, तर व्याही कुरकुरत नसत, पण विहीणबाई ती गोष्ट विसरतही नसत. महाराष्ट्राबाहेर तीन-चार पिढ्या काढलेल्या आपणां मराठी कुटुंबांपैकी कित्येकांच्या ट्रंकेत आजीचे एखादे चंदेरी लुगडे अजून असेल. ते आपण माहेरची आठवण म्हणून जपतो. ज्या घरात ते विणले गेले त्या घराशीही आपले काही नाते होते, हे सहसा ध्यानात येत नाही.

त्या लुगड्याची घडण थोडी समजून घेणे येथे अस्थानी होणार नाही. प्राचीन चंदेरी हातसुताची होती. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात विलायती गिरण्यांचे बारीक सूत आले आणि हातसूत मागे पडले. १९१० साली शिंदे सरकारने चंदेरीत विणकामाच्या शिक्षणाचे केंद्र उघडले. १९३० नंतरच्या दशकात जपानी रेशीम तेथे पोहोचले, आणि उभा धागा रेशमाचा व आडवा सुताचा असा आज आपण ओळखतो तो प्रकार रूढ झाला.  रेशमाच्या धाग्यावर निसर्गतःच डिंकासारखा लेप असतो. इतरत्र तो उकळून काढतात, चंदेरीत तो तसाच राखतात. काचेसारखी ती पारदर्शक झाक आणि तो किंचित ताठपणा येतो तो यामुळेच. आणि एकाच घडीवर वर्षानुवर्षे ठेवलेले लुगडे त्या घडीवर चिरते तेही यामुळेच. चंदेरीची घडी अधूनमधून मोडून ठेवावी, हा आजीबाईंचा नियम अगदी शास्त्रशुद्ध होता.

आता कामाची वाटणी पाहावी. सुताच्या व रेशमाच्या लडी घरी आल्या, की त्या उकलून रिळांवर घ्यावयाच्या. आडव्या धाग्यासाठी बारीक कांड्या भरावयाच्या. धोटा चालू आहे तोवर कांड्यांचा पुरवठा अखंड हवा. ताणा घालावयाचा. जुना ताणा संपत आला, की त्याच्या टोकांस नव्या ताण्याचे हजारो धागे बोटांनी पिळून एकेक करून जोडावयाचे. या जोडणीस दोन-तीन दिवस सहज लागतात, आणि त्या काळात मानेची व डोळ्यांची जी दशा होते ती पाहणाऱ्यासच कळते. एवढे झाल्यावर कोणीतरी मागावर बसतो, धोटा टाकतो, जरीची बुट्टी लहान लहान कांड्यांनी धागा मोजून भरतो, आणि त्यास विणकर म्हणतात. त्याच्या आधीची सर्व कामे बहुतांशी घरातील स्त्रिया करतात, आणि त्या कामांना नाव नाही.

जुना चंदेरी माग दोन माणसांचा असे. दोघे शेजारी-शेजारी बसत आणि धोटा एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाई. दोरीच्या झटक्याने धावणारा धोटा आला आणि माग एका माणसाचा झाला. विणण्याचा वेग वाढला, हे चांगलेच झाले. इंग्लंडमध्ये हा शोध १७३३ सालीच लागला होता, तेव्हा तो आपल्याकडे घाईने आला असेही कोणी म्हणणार नाही. मागावरची दुसरी जागा नाहीशी झाली. मागाभोवतीचे काम मात्र होते तेवढेच राहिले.

नोकरीच्या आरंभीची काही वर्षे आम्ही त्या बाजूच्या एका शाळेत होतो. प्रवेशाच्या नोंदवहीत ‘पित्याचा व्यवसाय’ असा रकाना असे. त्यात ‘बुनकर’ हा शब्द पानोपानी लागत असे. अन्सारी असो वा कोळी, त्या भागातील या दोन्ही समाजांत माग पिढीजात आहे. मातेच्या व्यवसायाचा रकाना त्या वहीत नव्हताच. पुढे एका प्रदर्शनात चंदेरीहून आलेल्या एका बाईंना आम्ही सहज विचारले, की आपण स्वतः काय करता? त्या म्हणाल्या, काहीच नाही. विणतात ते, आपण नुसता हात लावतो. मग दिवस कसा जातो, असे विचारता त्यांनी जे सांगितले ते असे: पहाटे पाणी, स्वयंपाक, मुले शाळेत, मग कांड्या, दुपारी मालक जेवून लवंडले की दोन तास मागावर, संध्याकाळी पुनः कांड्या, आणि दिवे लागल्यावर तुटलेले धागे सांधणे. एखाद्या कचेरीत कोणी इतके तास ‘नुसता हात’ लावला असता, तर आतापावेतो त्याची दोनदा पदोन्नती झाली असती.

हा ‘नुसता हात’ देशभर केवढा आहे हे सरकारी गणनेवरून दिसते. २०१९-२० च्या चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेत सुमारे ३५ लाख २२ हजार विणकर व साहाय्यक कामगार नोंदले गेले, आणि त्यांत २५ लाखांहून अधिक स्त्रिया होत्या. अर्थात यांतील फार मोठा वाटा आसाम, मणिपूर आदी ईशान्येकडील प्रदेशांचा आहे. तेथे विणणे हे परंपरेनेच स्त्रीचे काम असून तसे ते अभिमानाने सांगितले जाते. तथापि आपल्या मध्य भारताचे चित्र वेगळे आहे. येथे माग पुरुषाचा, आणि स्त्री त्याच्या सावलीत. त्याच गणनेतील आणखी एक आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा: विणकर कुटुंबांपैकी सुमारे दोनतृतीयांश कुटुंबांची मासिक मिळकत ५,००० रुपयांच्या आत होती. त्यामागील दहा वर्षांपूर्वीच्या गणनेत कामगारांची एकूण संख्या ४३ लाखांवर होती. लोक माग का सोडत आहेत याचे संशोधन करण्यास मोठ्या समितीची गरज नाही.

चंदेरीतील सर्वसामान्य रीत अशी, की मोठा व्यापारी किंवा मास्टर विणकर सूत, रेशीम व जर घरपोच देतो, नगावर मजुरी ठरते, आणि तयार माल तो उचलतो. मजुरी ज्याच्या नावावर हिशेब असेल त्याच्या हाती पडते. ओळखपत्र त्याचे, कर्ज त्याचे, विमा त्याचा. घरातील दोन-तीन स्त्रियांचे काम त्या एका नावात विरघळून जाते. आम्ही पुरुषांविरुद्ध फिर्याद मांडीत आहोत असे नव्हे. तो बिचाराही व्यापाऱ्याच्या आगाऊ रकमेत गळ्यापर्यंत बुडालेला असतो. परंतु ज्या कामाची वेगळी मजुरी नाही, ते काम मुलीस शिकवावे असे कोणत्या आईस वाटेल? हातमाग टिकविण्याच्या ज्या चर्चा आपण सभांमधून ऐकतो, त्यांत नक्षी, रंग, बाजारपेठ, सर्व काही असते. पैसा कोणाच्या हातावर ठेवला जातो हा विषय क्वचित निघतो. आमच्या मते विद्या पुढच्या पिढीत जाणार की नाही हे त्यावरच ठरते.

या गोष्टीचा पडताळा नर्मदाकाठी, महेश्वरात, मिळतो. महेश्वरचे नाव निघाले की मराठी मन प्रथम अहिल्याबाई होळकरांपुढे नत होते, आणि ते योग्यच आहे. १७६७ च्या सुमारास कारभार हाती घेतल्यानंतर त्यांनी महेश्वर ही राजधानी केली आणि बाहेरून विणकर आणून तेथे वसविले. पाहुण्यांस व आप्तांस भेट देण्यासाठी तेथे लुगडी विणून घेत, असे सांगतात. किल्ल्याच्या व घाटाच्या दगडातील नक्षी काठांवर उतरली. पदरावर तीन रंगीत व दोन पांढरे असे पाच पट्टे आले. आणि दोन्ही बाजूंनी नेसता येईल असा तो प्रसिद्ध बुगडी काठ आला. ही कथा आपल्यापैकी पुष्कळांस पाठ आहे. तिच्यापुढील भाग तितका पाठ नाही. संस्थाने गेली, गिरणीचे व पुढे यंत्रमागाचे स्वस्त कापड आले, आणि २० व्या शतकाच्या उत्तरार्धात महेश्वरचे माग एकामागून एक मुके होऊ लागले.

१९७९ साली रिचर्ड व सॅली होळकर यांनी तेथे ‘रेहवा’ ही संस्था काढली. रेवा म्हणजे नर्मदा, तिच्यावरून हे नाव. थोडेसे अनुदान, मोजके माग आणि दहा-बारा स्त्रिया एवढ्यावर आरंभ झाला. आम्हांस या प्रयोगात सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट नक्षीच्या पुनरुज्जीवनाची नाही, जरी तेही झाले. स्त्रिया घराबाहेर पडून एका छपराखाली मागावर बसल्या, त्यांनी स्वतः धोटा हाती घेतला, आणि मजुरी त्यांच्या स्वतःच्या हाती पडली. ते आम्हांस मोठे वाटते. घरी माग असला की सासूने हाक मारली तरी उठावे लागते. कार्यशाळेत बसलेल्या बाईस मात्र ‘कामावर गेली आहे’ असे म्हणावे लागते, आणि या तीन शब्दांनी घरातील पुष्कळ गोष्टी बदलतात. पुढे संस्थेने विणकरांच्या मुलांसाठी शाळाही चालविली. २००२ मध्ये सॅली होळकर यांनी ‘विमेनवीव्ह’ नावाची आणखी एक संस्था स्थापिली; तिने ज्यांच्या घरात माग कधी नव्हताच अशाही स्त्रियांस अंबर चरख्यावर सूत काढावयास व ते विणावयास शिकविले.

येथे शिक्षक या नात्याने आमचा एक हेका नमूद करावयास हवा. विणकराचा हात कोवळ्या वयातच तयार व्हावा लागतो, शाळेत रमलेले मूल मागावर बसत नाही, असे आम्हांस पुष्कळांनी ऐकविले आहे, आणि ऐकविणारे कलेचे खरे प्रेमी होते. तरी आमचे म्हणणे असे, की इयत्ता सातवीतील मुलीने वर्गाऐवजी कांड्यांपाशी बसावे लागत असेल, तर ती कला बुडाली तरी आम्ही शोकसभेस जाणार नाही. ज्या मुलीचे नाव हजेरीपटावर आहे पण जी लग्नसराईच्या आधी दोन-दोन महिने दिसत नाही, अशी मुलगी आम्ही पाहिली आहे. आणि त्या हंगामात विणल्या गेलेल्या शालूची शोभाही आम्ही मांडवात पाहिली आहे. हे दोन्ही एकाच माणसाने पाहिले की मग कलेवरील व्याख्यान देताना जीभ थोडी अडखळते. सुदैवाने महेश्वरने कोवळ्या हाताचा हा सिद्धान्त बराचसा खोटा पाडला. तेथे मागावर बसलेल्या पुष्कळ स्त्रिया विवाहित, लेकुरवाळ्या होत्या. प्रौढ वयात शिकल्या आणि उत्तम विणू लागल्या. तेव्हा मुलीने आधी शाळा पुरी करावी, मग तिला वाटल्यास माग शिकावा. असे तिला वाटावे एवढी मजुरी त्यात असावी, हा मात्र आपल्या म्हणजे गिऱ्हाइकांच्या बाजूचा भाग आहे.

सरकारने काही केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९८५ साली संसदेने काही वस्तू केवळ हातमागासाठी राखून ठेवणारा कायदा केला. आरंभी त्यांत २२ वस्तू होत्या, पुढे त्या ११ उरल्या. चंदेरी या नावास २००५ मध्ये भौगोलिक निर्देशाचे संरक्षण मिळाले. २००६ मध्ये हातमागाच्या मालास खुणेची चिठ्ठी आली. २०१५ पासून ७ ऑगस्ट हा राष्ट्रीय हातमाग दिन पाळला जातो, कारण १९०५ साली त्याच दिवशी कलकत्त्यास स्वदेशीची घोषणा झाली. मात्र १९५२ पासूनचे अखिल भारतीय हातमाग मंडळ २०२० च्या जुलै अखेरीस, म्हणजे त्या वर्षीच्या हातमाग दिनाच्या तोंडावर, बरखास्त झाले. मुहूर्त पाहण्याची सरकारी कचेरीची स्वतःची पद्धत असते. असो.

कायदा कागदावर राहतो आणि नक्कल दुकानात. यंत्रमागावर काढलेले, कृत्रिम धाग्याचे ‘चंदेरी’ आज शहरोशहरी निम्म्याहून कमी किमतीस मिळते. ते विकत घेण्यात पाप नाही. त्यास चंदेरी म्हणण्यात आहे. ओळखावयाचे कसे, असे भगिनी विचारतात. कापड उलटे करून बुट्टी पाहावी. हातमागावरील बुट्टी जागच्या जागी भरलेली असते, पाठीमागची बाजूही बहुतेक तेवढीच स्वच्छ असते, आणि एका बुट्टीपासून दुसरीपर्यंत कापलेल्या धाग्यांची लव नसते. शिवाय हाताचे काम अगदी एकसारखे नसते. पदराजवळच्या दोन बुट्ट्यांत तीळभर फरक दिसला, तर तो दोष म्हणून दुकानदाराकडून पन्नास रुपये सोडवून घेऊ नयेत. ती तेथे एक माणूस बसले होते याची खूण आहे.

आणि घासाघीस. आम्हीही मास्तर आहोत, महिनाअखेरचा खिसा आम्हांस ठाऊक आहे. मंडईत भाजीची घासाघीस आम्ही करतो आणि करीत राहू. पण हातमागाच्या दुकानात दुकानदाराने सोडलेले शंभर रुपये येतात कोठून? भाडे कमी होत नाही, रेशीम स्वस्त होत नाही. साखळीत शेवटी जो असतो त्याच्या नगामागील मजुरीतून ते पुढच्या खेपेस वळते होतात, आणि त्या साखळीत सर्वांत शेवटी कांड्या भरणारी बाई आहे. राज्य सरकारच्या हातमाग-दुकानांचे नाव ‘मृगनयनी’ आहे. हे नाव उच्चारताच ग्वाल्हेरच्या माणसास मानसिंग तोमराची राणी आणि किल्ल्याच्या पायथ्याचा गुजरी महाल आठवतो. पाटीवर एका स्त्रीचे नाव असलेल्या दुकानात, प्रत्येक लुगड्याच्या चिठ्ठीवर ते विणणाऱ्या स्त्रीचेही नाव असावे, ही मागणी फार मोठी नव्हे. काही संस्थांनी अशी नावे घालण्यास आरंभ केलाही आहे.

आमच्या ग्वाल्हेरीस कापड म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. बिर्लानगरची जियाजीराव कॉटन मिल १९२१ ते १९९२ इतकी वर्षे या शहराचा भोंगा होती. तिच्या वेळेवर येथील घड्याळे लागत. ती बंद पडली तेव्हा किती घरांच्या चुली थंडावल्या हे येथील जुने लोक जाणतात. त्या प्रचंड यंत्रांपुढे चंदेरीचा खड्ड्यातला माग म्हणजे केवळ खेळणे. यंत्रे मोडीत गेली, आणि तो माग अद्याप चालतो आहे. भांडवल नाही, भोंगा नाही, संप नाही. घरातली माणसे न मोजता राबतात म्हणून तो चालतो. यात कौतुक किती मानावे आणि लाज किती, याचा निर्णय आम्हांस करता आलेला नाही.

तूर्त आमच्या वाचक भगिनींपुढे एक साधी सूचना ठेवतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवास वाण म्हणून हल्ली जे प्लॅस्टिकचे डबे व गाळण्या वाटल्या जातात, त्यांनी प्रत्येक घराचे माळे भरलेले आहेत. त्याऐवजी एखाद्या महिला मंडळाने तीस-चाळीस घरांची वर्गणी एकत्र करून, चंदेरी किंवा महेश्वरच्या स्त्रियांच्या बचत गटाकडून चोळीचे खण विणून घ्यावेत. एक लांबलचक ताणा पुरेल एवढी मागणी एकाच वेळी मिळाली, तर त्यांना ते परवडते. सुटे दोन खण कोणी मागितले तर परवडत नाहीत. मात्र हे काम पौषात सुचून उपयोग नाही. ताणा घालणे, जोडणे, विणणे यांस अवधी लागतो आणि दिवाळीच्या आधी सर्व माग लग्नसराईच्या मालात गुंतलेले असतात. तेव्हा मागणी श्रावणातच नोंदवावी, रंग ठरवून द्यावेत, निम्मी रक्कम आगाऊ पाठवावी, आणि पावती गटातील बाईंच्या नावाने मागून घ्यावी.